अलाँसोंची लेसवाली आई : संत झेली मार्टिन

दरवर्षी १२ जुलै रोजी ख्रिस्तसभा संत लुई व संत झेली मार्टिन या दांपत्याचा सण साजरा करते. पोप फ्रान्सिस यांनी १८ ऑक्टोबर २०१५ रोजी, कुटुंबजीवनावर विचार करण्यासाठी जगभरातील बिशप रोममध्ये जमलेले असताना, या उभयतांना संतपद बहाल केले. हौतात्म्य न पत्करलेल्या पतिपत्नींना जोडीने संत म्हणून घोषित करण्याचा ख्रिस्तसभेच्या इतिहासातील हा पहिलाच प्रसंग होता. आपल्या धर्मग्रामांत बालयेशूची संत तेरेजा सर्वांच्या परिचयाची आहे. हाती क्रूस आणि गुलाबपुष्पे घेतलेली तिची तसबीर अनेक ख्रिस्ती घरांत भिंतीवर दिसते. तिच्या आईचा उल्लेख मात्र 'संताची माता' एवढ्या दोन शब्दांत आटोपला जातो, आणि हे आम्हांस अपुरे वाटते. झेली यांनी भावाला, भावजयीला आणि लेकींना लिहिलेली दोनशेहून अधिक पत्रे उपलब्ध आहेत. त्यांत उपदेश थोडा आणि संसार फार आहे : मुलांची दुखणी, मोलकरणीचा हट्ट, मंदावलेली मागणी, अंगावर पडलेले काम, रात्रीची जागरणे. या लेखात आम्ही त्या संसाराकडेच पाहणार आहोत.

झेली गेरँ यांचा जन्म २३ डिसेंबर १८३१ रोजी फ्रान्समधील नॉर्मंडी प्रांतात, अलाँसों शहराजवळच्या एका खेड्यात झाला. वडील सैन्यात होते आणि पुढे पोलीस दलात गेले. आई धार्मिक वृत्तीची, पण अतिशय कडक शिस्तीची होती. घरात पैशाची ओढाताण असे. आपल्याला लहानपणी साधी बाहुलीही कधी मिळाली नाही, याची खंत झेली यांना प्रौढ वयातही होती, आणि आपले बालपण उदास गेले असेच त्यांनी भावाला लिहिले. ज्या स्त्रीच्या घरी पुढे पाच मुली प्रेमाने न्हाऊन वाढल्या, तिला स्वतःला मायेचा ओलावा फारसा लाभला नव्हता. थोरली बहीण आणि धाकटा भाऊ इसिदोर हेच तिचे खरे आधार. बहीण पुढे ल माँ येथील व्हिजिटेशन मठात धर्मभगिनी झाली आणि भाऊ लिझ्यू येथे औषधविक्रेता.

झेली यांनाही धर्मभगिनी व्हावयाचे होते. अलाँसोंच्या रुग्णालयात सेवा करणाऱ्या संत व्हिन्सेंट दी पॉल यांच्या भगिनींकडे त्या गेल्या. तेथील प्रमुख भगिनींनी त्यांना प्रवेश नाकारला. उदरनिर्वाहाचे काय, हा प्रश्न त्यानंतर उभा राहिला. ८ डिसेंबर १८५१ रोजी, पवित्र मरियेच्या निष्कलंक गर्भसंभवाच्या सणादिवशी, अलाँसोंची प्रसिद्ध लेस करण्याचा व्यवसाय धरावा अशी अंतःप्रेरणा त्यांना झाली. त्या त्या वेळी जेमतेम वीस वर्षांच्या होत्या. एप्रिल १८५८ च्या सुमारास त्यांची लुई मार्टिन यांच्याशी ओळख झाली. लुई घड्याळजी होते. त्यांनीही तरुणपणी आल्प्स पर्वतातील मठात जाण्याचा प्रयत्न केला होता, पण लॅटिन येत नसल्याने त्यांना परत यावे लागले होते. तीन महिन्यांतच, १३ जुलै १८५८ रोजी मध्यरात्री, अलाँसोंच्या नोत्र दाम चर्चमध्ये त्यांचा विवाह झाला. दोघांच्याही मनात संन्यस्त जीवनाची ओढ इतकी होती, की पहिले सुमारे दहा महिने त्यांनी भाऊबहिणीप्रमाणे काढले. एका धर्मगुरूने समजावल्यावर त्यांनी तो विचार सोडला. विवाहसंस्कार हा मठाच्या खालची पायरी नाही, हे त्या धर्मगुरूला या जोडप्याला सांगावे लागले, याचे आज आपल्याला आश्चर्य वाटेल. आमच्या अनुभवात मात्र तसे मानणारे भाविक अद्यापही भेटतात.

आता त्या लेसविषयी सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण झेली यांचे अर्धे आयुष्य तिने व्यापले होते. अलाँसोंची लेस केवळ सुई आणि बारीक धाग्याने होते. एक चौरस सेंटिमीटर विणण्यास सुमारे सात तास लागतात. २०१० मध्ये युनेस्कोने या कलेची जगाच्या अमूर्त सांस्कृतिक वारशात नोंद केली. नक्षीचे लहान लहान तुकडे करून ते निरनिराळ्या स्त्रियांना दिले जात. प्रत्येकीचा हात एका ठरावीक टाक्यावर बसलेला असे. त्या आपापल्या घरी काम करीत आणि दर गुरुवारी तयार तुकडे झेली यांच्याकडे आणून देत, नवे काम घेऊन जात. मग ते तुकडे जोड दिसणार नाही अशा रीतीने एकत्र जोडण्याचे सर्वांत अवघड काम झेली स्वतः खिडकीशी बसून करीत.

गोंदिया जिल्ह्यातील आमच्या वाचकभगिनींना ही रीत परकी वाटणार नाही. तेंदूपत्ता आणि बिडी यांच्याशी या भूभागाचे नाते, तो भंडारा जिल्ह्यात होता तेव्हापासूनचे आहे. पाने व तंबाखू मोजून घरी आणायची, पाने भिजवायची, फर्म्याने कापायची, मांडीवर सूप घेऊन बिड्या वळायच्या, दोऱ्याने बांधून जुड्या करायच्या आणि हजाराच्या हिशोबाने ठेकेदाराकडे पोचवायच्या. तेथे मोजणी होते, छाट निघते, मजुरी ठरते. मूल पायाशी खेळत असते, चुलीवर भात असतो आणि हात थांबत नाहीत. लेस राजवाड्यात जाते आणि बिडी पानटपरीवर, पण घराच्या उंबऱ्याआतील श्रमाचे स्वरूप दोन्हीकडे एकच.

मात्र येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. या व्यवहारात झेली ठेकेदाराच्या बाजूला बसत असत. मागणी त्या आणीत, काम त्या वाटीत, तुकडा पसंत की नापसंत हे त्या ठरवीत आणि मजुरी त्या देत. संतांच्या यादीत अशी व्यक्ती विरळा. कामकरी बायांवर घरच्या माणसांप्रमाणे माया करावी असे त्यांचे मत होते, आणि त्या ते पाळीत. आजारी कामकरणीच्या घरी जाऊन समाचार घेणे हा त्यांच्या रविवारचा एक भाग असे. मागणी फार आली की आपण लेसच्या गुलाम झालो असे त्यांना वाटे. मागणी आटली की या बायांना काम कोठून द्यावे या काळजीने झोप लागत नसे. व्यवसाय एवढा वाढला, की १८७० मध्ये लुई यांनी आपले घड्याळांचे दुकान भाच्याला दिले आणि ते पत्नीच्या धंद्याचा हिशोब व प्रवास पाहू लागले. एकोणिसाव्या शतकातील पुरुषाने बायकोच्या व्यवसायासाठी स्वतःचा व्यवसाय सोडावा, हे आजच्या आपल्या समाजातही सहज घडत नाही.

घरचा दिनक्रम कठीण होता. पहाटे साडेपाचच्या मिस्सेला पतिपत्नी दोघेही जात. त्यानंतर दिवसभर मुले, स्वयंपाक, कामकरणी आणि लेस. रात्री अकरापर्यंत दिवा जळत असे. उपवासकाळाचे नियम त्या काटेकोर पाळीत, आणि उपवास त्यांना जड जातो हे पत्रात मोकळेपणाने कबूलही करीत. रविवारी दुकान बंद म्हणजे बंद. आसपासची खेडी रविवारीच खरेदीला येत, त्यामुळे नुकसान होते हे मित्रांनी लुई यांना परोपरीने सांगितले, पण त्यांनी ऐकले नाही. १८७१ च्या आरंभी प्रशियाचे सैन्य अलाँसोंत शिरले तेव्हा नऊ सैनिकांचा मुक्काम याच घरात पडला होता.

१८६० ते १८७३ या काळात झेली यांना नऊ अपत्ये झाली : सात मुली, दोन मुलगे. त्यांतील चार त्यांच्या डोळ्यांदेखत गेली. दोन्ही मुलांचे नाव जोसेफ ठेवले होते. त्यांपैकी एकाने धर्मगुरू व्हावे अशी आईवडिलांची प्रार्थना होती. पहिला जोसेफ १८६७ मध्ये पाचव्या महिन्यात आणि दुसरा १८६८ मध्ये आठव्या महिन्यात मरण पावला. फेब्रुवारी १८७० मध्ये पाच वर्षांची एलेन गेली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जेमतेम सात आठवड्यांची मेलानी-तेरेज गेली. १८६४ नंतर झेली यांना बाळांना अंगावर पाजणे शक्य राहिले नव्हते. मेलानीला ज्या दूधआईकडे ठेवले तिने हेळसांड केली आणि बाळ उपासमारीने दगावले. कामामुळे, शरीरामुळे, परिस्थितीमुळे पोटचे मूल दुसऱ्याच्या हाती द्यावे लागते आणि तेथे ते जाते, या दुःखाला काय म्हणावे? एलेनच्या मृत्यूनंतर तिने एकदा सांगितलेली एक लहानशी थाप आठवून ही आई व्याकूळ झाली आणि पवित्र मरियेच्या मूर्तीपुढे जाऊन बसली. लेकरू मरियेजवळ सुखरूप आहे असा दिलासा तेथे मिळाल्याचे त्यांनी पुढे लिहिले. ही मुले झालीच नसती तर बरे, असे सांत्वन करणाऱ्यांचे म्हणणे त्यांना मुळीच मान्य नव्हते. मुले अनंतकाळ आपली आहेत आणि पुन्हा भेटतील, यावर त्यांचा विश्वास होता.

अशा वेळी २ जानेवारी १८७३ रोजी नववे अपत्य तेरेज जन्मले. दोन महिन्यांतच तिलाही आतड्याचा विकार जडला. अंगावरचे दूध मिळाले तरच मूल वाचेल, असे डॉक्टरांनी सांगितले. पूर्वी दोन्ही जोसेफना पाजणारी रोझ तायी सेमाले नावाच्या खेड्यात, सुमारे आठ किलोमीटरवर राहत होती. भल्या पहाटे झेली एकट्या पायी निघाल्या. रोझच्या नवऱ्याला बायकोने जावे हे पसंत नव्हते, तरी ती आली. बाळाला पाहताच तिने निराशेने मान हलवली. झेली वर जाऊन संत जोसेफच्या मूर्तीपुढे गुडघे टेकून राहिल्या आणि खाली आल्या तेव्हा मूल दूध पीत होते. पुढे वर्षभर तेरेज सेमालेच्या शेतघरात वाढली. रोझ दर गुरुवारी लोणी विकायला शहराच्या बाजारात येई आणि तेरेजला आईकडे ठेवी. ती सख्ख्या आईजवळ रडून आकांत करी. टोपीवाल्या बायका दिसल्या की घाबरे आणि शेतकरणीसारखा वेश केलेल्या लेसवाल्या बायांच्या कडेवर मात्र शांत बसे. आईला ते लागले असेलच, पण पत्रात झेली यांनी त्याची गंमतच करून सांगितली आहे. एप्रिल १८७४ मध्ये तेरेज घरी परतली.

खरी काळजी होती ती तिसऱ्या मुलीची, लेओनीची. ही मुलगी आजारी, हट्टी आणि अभ्यासात मागे. मावशीच्या मठातील शाळेनेही तिला परत पाठवले. प्रेम केले, रागावून पाहिले, नवस केले, पण उपाय चालेना. १८७७ च्या वसंतात थोरल्या मेरीच्या लक्षात आले, की घरातील जुनी मोलकरीण लुईझ लेओनीला धाकात ठेवून छळत होती आणि आईचे सांगणे पाळू देत नव्हती. झेली यांच्या घरात, त्यांच्या देखत, वर्षानुवर्षे हे चालले होते आणि त्यांना कळले नव्हते. संतांच्या चरित्रात अशी पाने बहुधा गाळली जातात. आम्ही ती मुद्दाम ठेवतो. सत्य कळल्यावर झेली यांनी लेओनीला जवळ घेतले, आणि काही आठवड्यांतच मुलगी आईच्या मागे मागे फिरू लागली.

परंतु वेळ उरला नव्हता. छातीत गाठ असल्याचे झेली यांनी १८६५ मध्येच भावाला कळवले होते आणि शस्त्रक्रिया करावी का असेही विचारले होते. पुढे तो विषय मागे पडला. बाळंतपणे, मृत्यू, लेस आणि मंडळींची आजारपणे यांत अकरा वर्षे गेली. १८७६ च्या अखेरीस डॉक्टरांनी पाहिले तेव्हा शस्त्रक्रियेचा उपयोग नाही असे त्यांनी सांगितले. आम्ही येथे स्पष्ट लिहितो : हा भाग अनुकरणासाठी नाही. त्या काळी अशा रोगावर इलाज फारच तोकडा होता. आज तसे नाही. गोंदियातही २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. गाठ जाणवूनही घरात कोणाला न सांगणाऱ्या आया आमच्या परिचयात आहेत. त्यांनी झेली यांच्या सहनशीलतेचा आधार घेऊन दवाखाना टाळू नये.

जून १८७७ मध्ये झेली तीन मोठ्या मुलींसह लुर्दला गेल्या. चार वेळा त्या पवित्र पाण्यात उतरल्या. आजार बरा झाला नाही. परतल्यावर मुलींची निराशा घालवण्यासाठी त्याच हसत राहिल्या. ऑगस्टच्या अखेरीस त्यांना अंतिम अभ्यंग देण्यात आला. मुली रांगेने गुडघे टेकून होत्या, सर्वांत धाकटी साडेचार वर्षांची तेरेज. २८ ऑगस्ट १८७७ रोजी मध्यरात्रीनंतर, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, झेली मार्टिन देवाघरी गेल्या. अंत्यविधीनंतर सेलीनने मेरीला आणि तेरेजने पोलीनला आई म्हणून निवडले. नोव्हेंबरमध्ये लुई मुलींना घेऊन मामाच्या गावी, लिझ्यूला गेले. चार मुली तेथील कार्मेल मठात दाखल झाल्या. त्यांतील तेरेज १९२५ मध्ये संत झाली, आणि मठाबाहेर न पडलेल्या या मुलीला १९२७ मध्ये पोपमहोदयांनी मिशनकार्याची आश्रयदाती घोषित केले. १९९७ मध्ये तिला ख्रिस्तसभेची पंडिता हा बहुमान मिळाला.

लेओनीला मठ चटकन लाभला नाही. तीन वेळा ती गेली आणि तीन वेळा परत आली. १८९९ मध्ये कां शहरातील व्हिजिटेशन मठात ती चौथ्यांदा गेली आणि मग तेथेच राहिली. १९४१ मध्ये, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, ती तेथे निवर्तली. जिच्यासाठी आईने सर्वांत अधिक अश्रू ढाळले, त्या मुलीच्या संतपदासाठीची चौकशी २०१५ मध्ये, आईवडिलांना संतपद मिळाले त्याच वर्षी, सुरू झाली.