बर्नार नातान : पाथेला बोलके करणारा निर्माता

फ्रेंच चित्रपटसृष्टीच्या इतिहासात पाथे हे नाव आणि त्याचे कोंबड्याचे बोधचिन्ह सव्वाशेहून अधिक वर्षे टिकून आहे. मूकपटांच्या अखेरच्या काळात या कंपनीची सूत्रे हाती घेऊन तिला बोलपटांच्या युगात नेणाऱ्या निर्मात्याचे नाव मात्र अनेक दशके केवळ एका आर्थिक घोटाळ्याच्या संदर्भात घेतले जात होते. बर्नार नातान हे ते निर्माते. रुमानियात जन्मलेला एक ज्यू तरुण फ्रान्समधील सर्वांत मोठ्या चित्रपट कंपनीचा प्रमुख झाला आणि पुढे त्याच देशाच्या पोलिसांनी त्याला नाझींच्या हवाली केले. नातान यांची ही जीवनकथा दोन महायुद्धांमधील फ्रान्सचीही कथा आहे.

रुमानियातून पॅरिसकडे

बर्नार नातान यांचा जन्म १४ जुलै १८८६ रोजी रुमानियातील याश या शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. त्यांचे मूळ नाव नातान टानेनझाफ असे होते. त्या काळी रुमानियातील बहुसंख्य ज्यूंना नागरिकत्वाचे अधिकार नव्हते आणि अनेक व्यवसायांची दारे त्यांना बंद होती. त्यामुळे हजारो ज्यू कुटुंबे पश्चिमेकडे स्थलांतर करीत होती. विसाव्या शतकाच्या प्रारंभी तरुण नातान यांनीही फ्रान्सची वाट धरली.

पॅरिसमध्ये त्या वेळी चित्रपट हा नवा आणि वेगाने वाढणारा व्यवसाय होता. त्यात शिरण्यासाठी घराण्याची वा पदवीची आवश्यकता नव्हती. नातान यांनी चित्रगृहातील प्रक्षेपकापासून ते फिल्म धुण्याच्या रसायनांपर्यंत या व्यवसायाची सर्व अंगे प्रत्यक्ष काम करून आत्मसात केली. याच काळात, १९११ मध्ये, अश्लील चित्रफितीच्या एका प्रकरणात त्यांना शिक्षा झाली. हा डाग त्यांच्या चरित्राला कायमचा चिकटला आणि पुढे विरोधकांनी त्याचा पुरेपूर वापर केला.

१९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा नातान हे परदेशी नागरिक होते आणि त्यांच्यावर लष्करी सेवेची सक्ती नव्हती. तरीही ते स्वयंसेवक म्हणून फ्रेंच सैन्यात दाखल झाले. युद्धातील सेवेमुळे त्यांची पूर्वीची शिक्षा पुसली गेली आणि १९२१ मध्ये त्यांना फ्रेंच नागरिकत्व मिळाले. आपण आता फ्रेंच झालो, अशी त्यांची त्या वेळी धारणा झाली असल्यास नवल नाही.

प्रयोगशाळेपासून स्टुडिओपर्यंत

युद्धानंतर नातान यांनी रॅपिड फिल्म या कंपनीमार्फत फिल्म धुण्याचा आणि प्रती काढण्याचा व्यवसाय वाढविला. चित्रपट चालो वा न चालो, त्याच्या प्रती काढणाऱ्या प्रयोगशाळेला काम मिळतेच, हे त्यामागील व्यावहारिक गणित होते. १९२४ मध्ये पॅरिस येथे भरलेल्या ऑलिंपिक क्रीडास्पर्धांचे चित्रीकरण याच कंपनीने केले.

१९२६ मध्ये त्यांनी मोंमार्त्र भागातील फ्रांकर रस्त्यावर स्वतःचा स्टुडिओ उभारला. तेथून त्यांनी निर्मितीक्षेत्रात ठामपणे पाऊल टाकले. मार्को द गास्तीन यांनी दिग्दर्शित केलेला, जोन ऑफ आर्कच्या जीवनावरील भव्य मूकपट ही या काळातील त्यांची सर्वांत महत्त्वाकांक्षी निर्मिती होय. १९२९ मध्ये तो प्रदर्शित झाला, परंतु तोवर प्रेक्षकांचे लक्ष बोलपटाकडे वळले होते. मूकपटाचे दिवस संपत आल्याचे ओळखणाऱ्यांत नातान हे अग्रभागी होते.

पाथेची सूत्रे

शार्ल पाथे आणि त्यांचे बंधू एमिल यांनी १८९६ मध्ये स्थापन केलेली पाथे बंधू ही कंपनी पहिल्या महायुद्धापूर्वी जगातील सर्वांत मोठी चित्रपट कंपनी होती. कॅमेरे, कच्ची फिल्म, चित्रपट, वृत्तपट आणि ध्वनिमुद्रिका असा तिचा सर्वदूर विस्तार होता. भारतातही हे नाव पोहोचले होते. कोलकाता येथील हेमेंद्रमोहन बोस यांनी १९०८ मध्ये पाथेच्या साहाय्याने काढलेल्या तबकड्या त्या काळी गाजल्या होत्या.

युद्धाने हे साम्राज्य खिळखिळे केले. अमेरिकी चित्रपटांनी बाजारपेठ व्यापली आणि शार्ल पाथे यांनी एकेक व्यवसाय विकण्याचे धोरण स्वीकारले. परदेशांतील शाखा गेल्या. १९२७ मध्ये कच्च्या फिल्मचा व्यवसायही अमेरिकेच्या कोडॅक कंपनीच्या नियंत्रणाखाली गेला. भागधारकांना लाभांश मिळत राहिला, पण कंपनी आतून रिकामी होत गेली. अशा अवस्थेत फेब्रुवारी १९२९ मध्ये नातान यांनी शार्ल पाथे यांच्याकडून कंपनीचे नियंत्रण विकत घेतले. पाथे यांच्याजवळील काही मोजक्या भागांना प्रत्येकी अनेक मतांचा अधिकार होता. ते भाग ज्याच्या हाती जातील, त्याच्या हाती कंपनी जाणार हे उघड होते. हा व्यवहार पुढे वादाचे मूळ ठरला.

त्यानंतर ही कंपनी पाथे-नातान या नावाने ओळखली जाऊ लागली. नातान यांनी आपला स्टुडिओ आणि प्रयोगशाळा तिच्यात समाविष्ट केल्या. जोईनव्हिल येथील मोठा स्टुडिओही त्यांच्या ताब्यात आला. निर्मिती, प्रयोगशाळा, वितरण आणि चित्रगृहे यांची साखळी एकाच छत्राखाली आणण्याची त्यांची योजना होती. हॉलिवूडच्या मोठ्या कंपन्या याच पद्धतीने काम करीत होत्या आणि त्यांच्याशी सामना करावयाचा तर फ्रान्सलाही दुसरा मार्ग नाही, असे नातान यांचे गणित होते.

बोलपटांचे युग

१९२९ मध्ये फ्रान्समध्ये ध्वनिमुद्रणाची सोय असलेला स्टुडिओ नव्हता. म्हणून पाथे-नातानने दिग्दर्शक आंद्रे ह्युगों यांचा तीन मुखवटे या अर्थाच्या नावाचा चित्रपट इंग्लंडमधील ट्विकनहॅम येथे चित्रित केला. त्याच वर्षी प्रदर्शित झालेला हा चित्रपट पहिला फ्रेंच बोलपट मानला जातो. भारतात आलम आरा हा पहिला बोलपट १९३१ मध्ये आला, हे लक्षात घेतले तर या हालचालीची गती कळून येते. त्यानंतर नातान यांनी स्वतःच्या स्टुडिओंत ध्वनियंत्रणा बसविली आणि देशभरातील चित्रगृहे बोलपटांसाठी सज्ज केली. बंद पडलेला पाथे वृत्तपटही ध्वनीसह पुन्हा सुरू झाला.

१९३० ते १९३५ या काळात पाथे-नातानने ६० हून अधिक चित्रपट निर्माण केले. जगभर मंदी असताना ही निर्मिती चालू होती. त्यांत हलकेफुलके विनोदी चित्रपट होते, संगीतिका होत्या आणि गंभीर कलाकृतीही होत्या. मोरिस तूर्नर, रने क्लेर आणि रेमों बर्नार यांसारख्या दिग्दर्शकांना या कंपनीने काम दिले.

यांपैकी रेमों बर्नार यांचे दोन चित्रपट विशेष उल्लेखनीय आहेत. रोलां दोर्जेलेस यांच्या कादंबरीवर आधारित लाकडी क्रूस हा चित्रपट १९३२ मध्ये आला. पहिल्या महायुद्धातील सामान्य फ्रेंच सैनिकाचे जीवन त्यात कोणताही बडेजाव न करता दाखविले आहे. त्याचे चित्रीकरण शांपान्य प्रांतातील प्रत्यक्ष रणभूमीवर झाले आणि त्यात भूमिका करणाऱ्यांपैकी अनेकांनी स्वतः ते युद्ध लढले होते. त्याचे निर्मातेही त्याच युद्धात स्वयंसेवक म्हणून गेलेले होते. या चित्रपटातील युद्धदृश्ये इतकी प्रभावी होती, की अमेरिकेतील फॉक्स कंपनीने ती विकत घेऊन आपल्या चित्रपटात वापरली.

दुसरा चित्रपट म्हणजे व्हिक्टर ह्यूगो यांच्या ल मिझराब्ल या कादंबरीवरील १९३४ चा चित्रपट. तीन भागांत विभागलेल्या आणि चार तासांहून अधिक लांबीच्या या चित्रपटात हॅरी बोर यांनी जां वालजांची भूमिका केली. या कादंबरीच्या अनेक चित्ररूपांपैकी हे सर्वांत सरस, असे मानणारे समीक्षक आजही आहेत.

नातान यांची दृष्टी चित्रगृहापुरती मर्यादित नव्हती. दूरचित्रवाणीच्या प्रारंभीच्या काळातच त्यांनी ब्रिटिश संशोधक जॉन लोगी बेअर्ड यांच्या तंत्रावर आधारित कंपनी फ्रान्समध्ये स्थापन केली. पॅरिसमधील व्हीतुस हे खासगी नभोवाणी केंद्रही त्यांनी घेतले. चित्रपट, नभोवाणी आणि दूरचित्रवाणी ही तिन्ही माध्यमे एका उद्योगसमूहात आणण्याची कल्पना त्या काळाच्या पुष्कळ पुढे होती.

पतन

या विस्तारासाठी लागणारा पैसा मोठ्या प्रमाणात कर्जातून उभा राहिला होता. मंदी फ्रान्समध्ये पोहोचली तशी बँकांनी हात आखडता घेतला. गोमों ही दुसरी मोठी फ्रेंच कंपनीही याच सुमारास डबघाईला आली. म्हणजेच हे संकट एका कंपनीचे नव्हते, तर साऱ्या व्यवसायाचे होते.

परंतु नातान यांच्या बाबतीत त्याला वेगळे वळण मिळाले. असंतुष्ट भागधारकांच्या एका गटाने त्यांच्याविरुद्ध आधीपासूनच मोहीम उघडली होती. कंपनी विकत घेण्यासाठी कंपनीचाच पैसा वापरला, नावापुरत्या कंपन्यांमार्फत व्यवहार फिरविले, असे आरोप त्यांच्यावर होते. १९३४ च्या प्रारंभी स्टाविस्की नावाच्या परदेशी वंशाच्या ज्यू ठकसेनाच्या प्रकरणाने फ्रान्स हादरला आणि ६ फेब्रुवारी रोजी पॅरिसच्या रस्त्यांवर रक्तपात झाला. त्यानंतर परदेशात जन्मलेला प्रत्येक ज्यू व्यावसायिक संशयास्पद ठरू लागला. वृत्तपत्रांचा एक वर्ग नातान यांच्या हिशेबांपेक्षा त्यांच्या मूळ नावाविषयीच अधिक लिहू लागला.

१९३६ च्या प्रारंभी न्यायालयाने पाथे कंपनीला दिवाळखोर घोषित केले. विशेष बाब अशी, की न्यायालयाने नेमलेल्या व्यवस्थापकांच्या हाताखाली कंपनीचे काम त्यानंतरही चालूच राहिले. तिचे स्टुडिओ, चित्रगृहे आणि प्रयोगशाळा यांत कमाई करण्याची क्षमता होती, हे त्यातून दिसून आले. डिसेंबर १९३८ मध्ये नातान यांना अटक झाली. खटल्यात फसवणुकीच्या आरोपावरून त्यांना तुरुंगवासाची शिक्षा झाली.

जून १९४० मध्ये जर्मन सैन्याने पॅरिस व्यापले तेव्हा नातान तुरुंगातच होते. १९४१ मध्ये त्यांचे प्रकरण पुन्हा न्यायालयात उभे राहिले. त्या वेळी ज्यूद्वेष हे विशी राजवटीचे अधिकृत धोरण झाले होते. ज्यूंनी फ्रेंच चित्रपट नासविला, या प्रचारासाठी नातान यांचे नाव हाताशी होतेच. त्यांचे फ्रेंच नागरिकत्वही काढून घेण्यात आले. सप्टेंबर १९४२ मध्ये त्यांची तुरुंगातून सुटका झाली ती स्वातंत्र्यासाठी नव्हे. फ्रेंच अधिकाऱ्यांनी त्यांना पॅरिसजवळील द्रांसी येथील छावणीत पाठविले. २५ सप्टेंबर १९४२ रोजी सुमारे १ हजार ज्यूंना घेऊन निघालेल्या आगगाडीतून त्यांची रवानगी ऑश्विट्झ येथे झाली. तेथून ते परतले नाहीत. त्या वेळी त्यांचे वय ५६ वर्षांचे होते.

मरणोत्तर न्याय

युद्ध संपले, पाथे कंपनी नव्या स्वरूपात उभी राहिली, पण तिच्या नावातून नातान हा शब्द कायमचा गळून पडला. चित्रपटाच्या अनेक इतिहासग्रंथांत ते दीर्घकाळ पाथेला बुडविणारा ठग एवढ्याच ओळखीने वावरले. व्याप्त फ्रान्समधील प्रचाराने उभी केलेली प्रतिमा प्रचारक गेल्यानंतरही पुसली गेली नाही.

विसाव्या शतकाच्या अखेरीस संशोधकांनी कंपनीची कागदपत्रे नव्याने तपासली, तेव्हा चित्र पालटू लागले. नातान यांच्या काळात कंपनीने स्टुडिओ, यंत्रसामग्री आणि चित्रगृहे यांत मोठी गुंतवणूक केली होती, हे स्पष्ट झाले. २००४ मध्ये त्यांचे आप्त आंद्रे रोसेल-किर्शेन यांनी पाथे-नातानचा सविस्तर इतिहास प्रसिद्ध केला. २०१३ मध्ये डेव्हिड केर्न्स आणि पॉल डुआन या दिग्दर्शकांचा नातान हा माहितीपट आला. १९२० च्या दशकातील काही अश्लील चित्रफितींत नातान स्वतः दिसतात, असा दावा पूर्वी करण्यात आला होता. तो किती तकलादू पायावर उभा होता, याकडेही या माहितीपटाने लक्ष वेधले.

नातान यांचे सर्वच आर्थिक व्यवहार निर्दोष होते, असा याचा अर्थ नाही. कंपनी घेताना त्यांनी योजलेल्या मार्गांविषयी प्रश्न उरतात आणि कर्जावर विस्तार करण्याचा धोका त्यांनी जाणूनबुजून पत्करला होता. परंतु अशा व्यवहाराची शिक्षा काही वर्षांच्या तुरुंगवासाची असते. ऑश्विट्झला त्यांना त्यांच्या हिशेबांनी नेले नाही. ते ज्यू होते, या एकाच कारणाने नेले. पुढील पिढ्यांनी या दोन गोष्टींची गल्लत केली आणि पहिल्या दोषाखाली दुसरा अपराध झाकला गेला.

मोंमार्त्रमध्ये नातान यांनी उभारलेल्या स्टुडिओच्या जागी १९९९ पासून ला फेमिस ही फ्रान्सची राष्ट्रीय चित्रपट शिक्षणसंस्था आहे. फ्रेंच चित्रपटांचे भावी दिग्दर्शक, छायाचित्रकार आणि निर्माते तेथे शिकतात. त्यांनी निर्मिलेले लाकडी क्रूस आणि ल मिझराब्ल हे चित्रपटही जीर्णोद्धारानंतर नव्या प्रेक्षकांपुढे आले आहेत. ज्या देशाने आपल्या या नागरिकाला नाकारले, त्या देशाच्या चित्रपटाचा पाया आजही काही अंशी त्याच्याच श्रमांवर उभा आहे.