आल्बेर्तो जान्नी : बुडालेल्या सोन्यामागे गेलेला पाणबुड्या

आमच्या चिंचपाड्याहून रेल्वे थेट सुरतेकडे जाते, पण समुद्र मी अजून पाहिलेला नाही. तरीही एका इटालियन पाणबुड्याचे चरित्र वाचल्यापासून तो माझ्या डोक्यातून जात नाही. शिवाय ज्या सोन्यामागे त्याने उमेदीची वर्षे घालवली, ते सोने निघाले होते आपल्या मुंबईला.

'इजिप्त' ही पी. अँड ओ. कंपनीची आगबोट मे १९२२ मध्ये लंडनजवळच्या टिलबरीहून मुंबईकडे निघाली. पोटात सुमारे पाच टन सोने व चाळीस टनांवर चांदी. २० मे रोजी संध्याकाळी फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्याजवळ दाट धुक्यात 'सेन' नावाची मालबोट तिच्यावर आदळली. वीस मिनिटांत सारे संपले. ऐंशीहून अधिक माणसे बुडाली. खलाशांत व नोकरवर्गात हिंदी माणसांचा, त्यांत गोव्याच्या लोकांचाही, मोठा भरणा होता. काही विलायती वृत्तपत्रांनी सारा दोष या हिंदी खलाशांच्या माथी मारला. सरकारी चौकशीत मात्र बोटीवर शिस्त न राखल्याबद्दल कप्तानाला जबाबदार धरण्यात आले. हे मुद्दाम लिहितो, कारण सोन्याच्या गोष्टीत हा भाग बहुधा गाळला जातो.

बोट सुमारे १२० मीटर खोल गेली होती. आमच्याकडच्या साठ फुटी सहा-सात विहिरी एकीखाली एक ठेवल्या तर तेवढी खोली होईल! वर थंडगार पाणी, सतत उसळणाऱ्या लाटा आणि केव्हाही उतरणारे धुके. दर दहा मीटरला एका वातावरणाचा दाब वाढतो. रबरी पोशाखातला पाणबुड्या तिथे काम करूच शकला नसता.

आल्बेर्तो जान्नी १८९१ साली व्हियारेज्जो या इटलीच्या बंदरगावात जन्मला. जिनोआच्या 'सोरिमा' कंपनीच्या 'आर्तिल्यो' बोटीवर तो पाणबुड्यांचा मुख्य होता. १९२८ मध्ये त्यांनी 'एलिझाबेथव्हिल' या बुडालेल्या बोटीची तिजोरी वर काढली, पण ज्या हिऱ्यांसाठी एवढा खटाटोप केला ते तिच्यात नव्हतेच.

मला जान्नी आवडतो तो त्याच्या युक्तीमुळे. त्याने भाताच्या कणगीसारखे उभे, पोलादी नळकांडे करवून घेतले. वर चहूबाजूंनी जाड काचेच्या खिडक्या. आत एक माणूस उभा राही. सोबत प्राणवायूची बाटली, उच्छ्वासातला वाईट वायू शोषून घेणारे रसायन आणि टेलिफोन. पाण्याचा दाब पोलादावर पडे, माणसावर नाही. मात्र त्या माणसाला हात नव्हते. त्याने बघायचे आणि सांगायचे. वरच्या माणसांनी यारीचा पंजा तसा हलवायचा. खालच्याचे डोळे व वरच्याचे हात, आणि मध्ये एक तार. त्या अंधुक हिरव्या पाण्यात जरा चुकीचा शब्द गेला तर पंजा भलतीकडेच पडायचा.

बोट शोधायलाच दोन हंगाम लागले. दोन जहाजांमध्ये लांब पोलादी दोर बांधून समुद्राचा तळ झाडत राहायचे. आपल्याकडचा पाणाड्या जसा काठी घेऊन फिरतो, तसा एक कापुचिन साधूही कांडी घेऊन बोटीवर आला होता. पण शेवटी दोरानेच काम केले. ऑगस्ट १९३० च्या अखेरीस 'इजिप्त' सापडली. कप्तानाची तिजोरीही वर आली. तिच्यात निघाले कागद. सोन्याच्या खोलीवर मात्र बोटीचे मजलेच्या मजले होते. ते सुरुंगांनी उडवत खाली जायचे होते, आणि तोवर हिवाळा आला.

हिवाळ्यात बोट रिकामी कशी ठेवायची? म्हणून किबरों उपसागरातल्या 'फ्लॉरेन्स एच.' या जहाजाचे अवशेष फोडण्याचे काम घेतले. हे जहाज १९१८ मध्ये दारूगोळ्यासह बुडाले होते. प्रथम सुरुंग उडवताना 'आर्तिल्यो' फार दूर उभी राही. एकेक सुरुंग उडत गेला, पण जहाजातली दारू काही पेटली नाही. बारा वर्षे भिजून ती मेली, असा सर्वांचा समज झाला व बोट दर वेळी जवळ थांबू लागली.

माझे वडील विहिरींच्या कामावर सुरुंग भरतात. न उडालेल्या सुरुंगाजवळ ते दुसऱ्या दिवशीही चटकन जात नाहीत. आम्ही लहानपणी त्यांच्या या भीतीला हसत असू. ७ डिसेंबर १९३० ची हकिगत मी त्यांना घरी वाचून दाखवली, तेव्हा पुढे काय झाले हे त्यांनी मी सांगण्याआधीच ओळखले. सारी दारू एकदम उडाली. 'आर्तिल्यो' बुडाली आणि तिच्यावरची बारा माणसे गेली. जान्नीबरोबर त्याचे सोबती फ्रांचेस्की व बार्जेल्लीनीही गेले. जान्नी तेव्हा एकोणचाळीस वर्षांचा होता.

सोरिमाने दुसरी बोट घेतली व तिलाही 'आर्तिल्यो' हेच नाव दिले. तशाच नळकांड्यात उभे राहून दुसरे पाणबुडे खाली जाऊ लागले. जून १९३२ मध्ये पंज्यातल्या गाळाबरोबर सोन्याची नाणी व विटा डेकवर पडल्या. बोट त्या घेऊन इंग्लंडच्या प्लिमथ बंदरात गेली. पुढे १९३५ पर्यंत बहुतेक सारे सोने वर निघाले.