रिमोटमधला न दिसणारा प्रकाश आणि ऑर्गन वाजवणारा हर्शेल

टीव्हीचा रिमोट फोनच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. बऱ्याच फोनवर जांभळट ठिपका चमकतो. तोच इन्फ्रारेड. तो दिसला की मला विल्यम हर्शेल आठवतो.

१७३८ साली हॅनोव्हरला जन्मलेला हा वादक. इंग्लंडात बाथला ऑर्गन वाजवायचा, उरलेल्या वेळात दुर्बिणीचे आरसे घासायचा. बहीण कॅरोलिन मदतीला. १७८१ मध्ये त्याला युरेनस सापडला, राजाने पगार सुरू केला आणि ऑर्गन सुटला.

१८०० मध्ये रंगीत काचांतून सूर्य बघताना गंमत झाली. काही काचांतून उजेड कमी, पण चटका जास्त! (तुम्ही हे अजिबात करू नका.) मग त्याने प्रिझमने रंग पाडून त्यांत थर्मामीटर ठेवले. पारा सगळ्यात जास्त चढला तो तांबड्याच्या पलीकडे, जिथे काहीच दिसत नव्हतं. हे किरण आरशावरून परततात, भिंगातून वाकतात, हेही त्याने तपासलं.

काच मात्र त्यातले बरेच अडवायची. आजही थर्मल कॅमेऱ्याला खिडकीच्या काचेपलीकडचं दिसत नाही. इथेच गडी फसला. उजेड आणि उष्णता वेगवेगळ्या गोष्टी, असं त्याने ठरवून टाकलं. फरक फक्त तरंगलांबीचा होता, पण ते पक्कं व्हायच्या आत, १८२२ मध्ये, तो गेला.