सिम्फनी बॅलेसारखी वाजते म्हणून शिष्याने टोकलं, पण चायकोव्हस्की मागे हटला नाही

‘स्वान लेक’ची ती ऑबोवरची उदास धून नाव माहीत नसलं तरी कुठे ना कुठे ऐकलेली असते. मग कधीतरी चायकोव्हस्कीची एखादी सिम्फनी कानावर पडते आणि वाटतं, अरे, हे तर बॅलेचंच संगीत!

असं वाटणारे तुम्ही पहिले नाही.

प्योत्र चायकोव्हस्कीचा जन्म १८४० चा, रशियातल्या व्होटकिन्स्कचा. शिकला कायदा, न्याय खात्यात कारकुनी केली आणि मग नोकरी सोडून संगीत शिकायला गेला. १८६९ मध्ये त्याने ‘उंदिना’ नावाचा ऑपेरा लिहिला. सरकारी थिएटरने तो नाकारला. वैतागून त्याने पुढे तो नष्टच केला, पण चाली काही टाकल्या नाहीत. त्यातली लग्नाची मिरवणूक दुसऱ्या सिम्फनीत गेली. प्रेमिकांचं द्वंद्वगीत ‘स्वान लेक’मध्ये आलं, फक्त गाणाऱ्यांच्या जागी व्हायोलिन आणि चेलो आले. म्हणजे सिम्फनी आणि बॅले अक्षरशः एकाच घरातून निघालेले.

१८७७ मध्ये मॉस्कोत ‘स्वान लेक’ रंगमंचावर आला, पण समीक्षकांना फारसा रुचला नाही. त्याच वर्षी त्याचं लग्न झालं आणि काही आठवड्यांतच मोडलं. तो परदेशी निघून गेला. नादेझ्दा फॉन मेक या श्रीमंत विधवेने वर्षाला ६,००० रुबल सुरू केले म्हणून निभावलं. तिलाच अर्पण केलेली चौथी सिम्फनी याच काळात पूर्ण झाली.

आणि १८७८ मध्ये त्याचा लाडका शिष्य सर्गेई तानेयेव याने पत्रातून कळवलं, की या सिम्फनीत जागोजागी बॅलेचं संगीत ऐकू येतं.

हे कौतुक नव्हतं. तेव्हा बॅलेचं संगीत म्हणजे नाचणाऱ्यांच्या पायांना ठेका पुरवणारं हलकं काम. चायकोव्हस्कीने उत्तर दिलं, की बॅलेचं संगीत ही शिवी का व्हावी, हेच त्याला कळत नाही. नाचरी आनंदी चाल म्हणजे बॅले असेल, तर मग बेथोव्हनच्या सिम्फनीही तानेयेवला आवडायला नकोत! (गुरूने शिष्याला असं कोपऱ्यात गाठलं.)

गंमत म्हणजे स्वतःच्या बॅलेवर मात्र त्याचा भरवसा नव्हता. व्हिएन्नात देलीबचं ‘सिल्व्हिया’ ऐकून ‘स्वान लेक’ त्याला अगदीच फिका वाटला होता.

तरी सवय सुटली नाही. पाचव्या सिम्फनीत सरळ वॉल्ट्झ आहे, सहाव्यातही पाच मात्रांचा, लंगडत चालणारा वॉल्ट्झसारखा भाग आहे. मधल्या काळात ‘स्लीपिंग ब्युटी’ आणि ‘नटक्रॅकर’ झाले. ‘नटक्रॅकर’साठी त्याने पॅरिसहून सेलेस्टा हे नवं वाद्य गुपचूप मागवलं, रिम्स्की-कोर्साकोव्हला आधी सुगावा लागू नये म्हणून.

१८९३ मध्ये, सहावी सिम्फनी सादर झाल्यानंतर नऊ दिवसांनी तो गेला. ‘स्वान लेक’ खऱ्या अर्थाने गाजला तो १८९५ च्या नव्या प्रयोगानंतर. आणि १९३४ मध्ये अमेरिकेत जॉर्ज बॅलनशिनने त्याची ‘सेरेनेड फॉर स्ट्रिंग्ज’ उचलली, जी नाचासाठी लिहिलेलीच नव्हती, आणि तिच्यावर बॅले बसवला. तो आजही होतो.