काशीचे ‘विझी’

काशी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे घाट, मंदिरे आणि वेदपाठशाळा उभ्या राहतात. याच नगरीत एकेकाळी क्रिकेटचा एक बलाढ्य संघ घडला, हे थोड्यांनाच ठाऊक असते. तो घडविणारे गृहस्थ म्हणजे विजयनगरमचे महाराजकुमार विजय आनंद गजपती राजू, अर्थात ‘विझी’.

त्यांचा जन्म २८ डिसेंबर १९०५ चा. धाकटे असल्याने गादी त्यांच्याकडे आली नाही; ते काशीस येऊन राहिले. १९२६ साली वाड्याच्या आवारात मैदान करून त्यांनी स्वतःचा संघ उभारला. १९३०-३१ मध्ये कायदेभंगाच्या चळवळीमुळे एम.सी.सी.चा दौरा रद्द होताच हॉब्ज व सटक्लिफ या इंग्रज फलंदाजांना पाचारण करून त्यांनी भारत व सिलोनमध्ये आपला संघ फिरविला. शाळकरी मुश्ताक अली यास काशीस आणून त्याच्या खेळास वळण दिले. १९३४ साली जार्डीनच्या संघाला भारतात एकच पराभव पत्करावा लागला. तो काशीतच, विझींच्या संघाकडून, १४ धावांनी!

इतरांची पारख असणाऱ्या या पुरुषाला स्वतःची पारख मात्र साधली नाही. १९३६ च्या इंग्लंड दौऱ्याचे कर्णधारपद त्यांनी मिळविले आणि नागपूरचे सुपुत्र सी. के. नायडू यांना त्यांच्या हाताखाली खेळावे लागले. लाला अमरनाथ यांना पहिल्या कसोटीपूर्वीच मायदेशी धाडण्यात आले. तीनपैकी दोन कसोट्या हातच्या गेल्या. विझींच्या सहा डावांतील धावा अवघ्या ३३. पुढे बोमाँट समितीने त्यांच्या नेतृत्वावर ठपका ठेवला आणि अमरनाथांना निर्दोष ठरविले.

तथापि उत्तरायुष्यात त्यांनी या चुकांचे जणू परिमार्जन केले. १९५२ साली अमरनाथांना पुन्हा कर्णधारपद मिळावे म्हणून त्यांनी आपले वजन खर्चिले. साठी उलटलेल्या नायडूंना उत्तर प्रदेशच्या रणजी संघाचे नेतृत्व देण्यामागेही तेच होते. १९५४ ते १९५७ ते क्रिकेट मंडळाचे अध्यक्ष होते. २ डिसेंबर १९६५ रोजी काशीतच त्यांचे निधन झाले.

संघनिवडीची सूत्रे कालांतराने संस्थानिकांकडून निवड समितीकडे गेली. १९३६ च्या संघातील विजय मर्चंट यांनीच १९७१ साली समितीचे अध्यक्ष या नात्याने निर्णायक मत अजित वाडेकरांच्या पारड्यात टाकले. भारताने त्या वर्षी वेस्ट इंडीज व इंग्लंड या दोन्ही भूमींवर मालिका जिंकल्या. संघ उभारणाराने त्यात आपले स्थान कोणते हेही ओळखावे, एवढा बोध विझींच्या चरित्रातून कोणत्याही संस्थेने घ्यावा.