गिल्बर्ट लुईस

पाण्याच्या एका थेंबात असंख्य रेणू असतात. प्रत्येक रेणूत हायड्रोजनचे दोन व ऑक्सिजनचा एक असे तीन अणू एकमेकांना घट्ट धरून राहिलेले असतात. त्यांना कोणी दोराने बांधलेले नसते, की डिंकाने चिकटवलेले नसते. मग ते सुटून का जात नाहीत? या कोड्याचा उलगडा ज्याने केला, तो रसायनशास्त्रज्ञ म्हणजे गिल्बर्ट न्यूटन लुईस.

लुईसचा जन्म ऑक्टोबर १८७५ मध्ये अमेरिकेतील वेमाउथ या गावी झाला. त्याचे बालपण नेब्रास्का प्रांतातील लिंकन येथे गेले. आरंभीचे धडे त्याला आईवडिलांनी घरीच दिले. वयाच्या तिसऱ्या वर्षीच तो वाचू लागला होता. पुढे हार्वर्ड विद्यापीठात शिकून १८९९ साली त्याने डॉक्टर ही पदवी मिळवली. नंतर जर्मनीत काही काळ अध्ययन करून तो हार्वर्ड येथेच अध्यापन करू लागला.

इलेक्ट्रॉनचा शोध लागून तेव्हा जेमतेम पाच वर्षे झाली होती. १९०२ साली विद्यार्थ्यांना शिकवताना लुईसने एक चित्र काढले. अणू हा जणू एक घन असून त्याच्या आठ कोपऱ्यांवर इलेक्ट्रॉन बसलेले आहेत, अशी त्याची कल्पना होती. मिठात सोडियमचा अणू आपला एक इलेक्ट्रॉन क्लोरिनला देऊन टाकतो, हे त्यावरून समजत होते. परंतु हायड्रोजनच्या रेणूत दोन्ही अणू अगदी सारखे! तेथे देणारा कोण आणि घेणारा कोण? शिवाय हार्वर्डमध्ये अशा तर्कांना त्या काळी फारसे उत्तेजन मिळत नसे. लुईसने ते कागद प्रसिद्ध केले नाहीत. पण फाडूनही टाकले नाहीत.

१९१२ साली तो कॅलिफोर्निया विद्यापीठात बर्कली येथे रसायन विभागाचा प्रमुख झाला. अखेर १९१६ साली त्याने आपला सिद्धान्त प्रसिद्ध केला. कोणी देत नाही आणि कोणी घेत नाही. दोन्ही अणू आपापला एक इलेक्ट्रॉन पुढे करतात, आणि ती जोडी दोघांच्या सामाईक मालकीची होते. दोन शेतकऱ्यांनी मिळून बांधावर एक विहीर खोदावी व ती दोघांनीही आपली म्हणावी, तसाच हा प्रकार. ऑक्सिजनच्या बाहेरच्या कवचात सहा इलेक्ट्रॉन असतात, त्याला आठ हवे असतात. हायड्रोजनजवळ एक असतो, त्याला दोन हवे असतात. म्हणून ऑक्सिजन दोन हायड्रोजनांशी एकेक जोडी सामाईक करतो, आणि पाण्याचा रेणू तयार होतो. हे दाखवण्यासाठी लुईसने साधे ठिपके वापरले.

पुढे अर्विंग लँगम्यूर या शास्त्रज्ञाने या सिद्धान्ताचा विस्तार केला, व्याख्याने देऊन त्याचा सर्वत्र प्रसार केला आणि १९१९ साली या बंधाला इंग्रजीत नावही दिले. त्यालाच आपण सहसंयुज बंध म्हणतो. त्यामुळे मूळ कल्पनेचे श्रेय लँगम्यूरलाच जाऊ लागले. लुईसला याचे दुःख झाले. तथापि त्याने काम सोडले नाही. १९३३ साली त्याने शुद्ध जड पाणी प्रथमच वेगळे केले.

नोबेल पारितोषिकासाठी लुईसचे नाव अनेकदा सुचवले गेले, पण ते त्याला कधीच मिळाले नाही. मात्र त्याच्या विभागात शिकून गेलेल्या यूरी, जिओक, सीबोर्ग व लिबी या चौघांना तो मान लाभला. २३ मार्च १९४६ रोजी प्रयोगशाळेतच लुईसचे देहावसान झाले.

आज जगभरातील मुले रसायनशास्त्र शिकताना वहीत लुईसचे ठिपके काढतात. पारितोषिकाने झाला नसता एवढा गौरव त्या ठिपक्यांनी त्याला मिळवून दिला आहे.