गोमंतकाचे पहिले मुख्यमंत्री कै. दयानंद बांदोडकर

गोवामुक्तीनंतरच्या पहिल्या दहा-बारा वर्षांचा इतिहास सांगावयाचा म्हटले तर भाऊसाहेबांच्या नावावाचून पान हलत नाही. दयानंद बाळकृष्ण बांदोडकर हे त्यांचे पूर्ण नाव. परंतु पेडण्यापासून काणकोणापर्यंत त्यांना बहुतेक लोक भाऊसाहेब किंवा नुसते भाऊ म्हणूनच ओळखीत. त्यांचा जन्म 12 मार्च 1911 रोजी पेडणे येथे झाला. आडनाव मात्र फोंडा महालातील बांदिवड्याची आठवण देणारे. श्रीनागेश व श्रीमहालक्ष्मी या दैवतांचे हे गाव सर्वांना परिचित आहेच.

भाऊसाहेब गोमंतक मराठा समाजात जन्मले. हा समाज पिढ्यान्‌पिढ्या देवळांच्या सेवेशी बांधलेला. देवापुढचे गायन-वादन त्याच्याकडे, पण देवस्थानच्या कारभारात त्याला स्थान नाही, अशी त्या काळची रीत होती. पोर्तुगीज सरकारने देवस्थानांसाठी माझनीचे नियम केले, 1933 साली ते नव्याने घालून दिले, आणि महाजन कोण व कोण नाही हे कागदावर पक्के होऊन बसले. देवळाच्या पायरीशी राबणारे हात आणि देवळाच्या वहीत नाव असलेली माणसे यांच्यामधले हे अंतर त्या पिढीतल्या कित्येकांना सलत होते. भाऊसाहेबांच्या पुढील राजकारणाचे मूळ शोधू पाहणाऱ्याने प्रथम येथे पाहावे.

राजकारणाआधी ते खाणमालक म्हणून नावारूपास आले. दुसऱ्या महायुद्धानंतर गोव्यातील लोहखनिजाला, विशेषतः जपानकडून, मोठी मागणी येऊ लागली. डोंगर फोडून काढलेले खनिज नदीकाठी आणावे, बार्जांत भरावे आणि मुरगाव बंदरातून जहाजांवर चढवावे, असा तो धंदा. त्यात ज्यांचा जम बसला त्यांच्यापैकी भाऊसाहेब एक होते. पैसा आला तसा तो बाहेरही गेला. शाळा, गरजू विद्यार्थी, खेळाडू, कलावंत, यांच्यासाठी त्यांचा हात नेहमी सैल असे. पुढे मते मागावयास निघाल्यावर त्यांना आपली ओळख करून द्यावी लागली नाही, याचे एक कारण हे दातृत्व होय. शिकारीचा शौक, खेळांची आवड, माणसांच्या घोळक्यात रमण्याची वृत्ती, या गोष्टीही लोकांच्या तोंडी होत्या.

19 डिसेंबर 1961 रोजी गोवा मुक्त झाला. गोवा, दमण व दीव मिळून केंद्रशासित प्रदेश बनला आणि 1963 अखेर विधानसभेच्या पहिल्या निवडणुका ठरल्या. आज मतदान ही नित्याची बाब झाली आहे. त्या वेळी मात्र प्रौढ मताधिकार ही गोमंतकात संपूर्ण नवी गोष्ट होती. भाटकाराचे मत एक आणि त्याच्या भाटात राहणाऱ्या मुंडकाराचेही मत एक, हे अनेकांना प्रथम खरेच वाटेना. मुंडकाराचे घर त्याने स्वतः बांधलेले असे, पण खालची जमीन भाटकाराची. त्यामुळे नाराजी ओढवली तर घर मोडून कोठे जावे, ही धास्ती कायमची. कुळांची स्थितीही याहून फारशी बरी नव्हती.

1963 साली महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष स्थापन झाला व त्याचे नेतृत्व भाऊसाहेबांकडे आले. पक्षाची भूमिका दोन पायांवर उभी होती. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा, हा एक पाय. आणि सत्ता बहुजनसमाजाच्या हाती यावी, हा दुसरा. निशाणी सिंह. समोर डॉ. जॅक सिक्वेरा यांचा युनायटेड गोवन्स पक्ष होता. गोव्याचे वेगळेपण राहिले पाहिजे असा त्याचा आग्रह, आणि त्याचे मुख्य बळ सासष्टीसारख्या जुन्या काबिजादींत. शिवाय काँग्रेस होतीच. दिल्लीत नेहरूंचे सरकार, स्वातंत्र्यलढ्याची पुण्याई, पुरुषोत्तम काकोडकरांसारखे लढ्यात तावून निघालेले नेते. काँग्रेस सहज येईल, असेच पुष्कळांचे अनुमान होते.

9 डिसेंबर 1963 रोजी मतदान झाले आणि ते अनुमान साफ कोसळले. तीस जागांपैकी सोळा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष व त्याच्या साथीदारांकडे, बारा युनायटेड गोवन्सकडे. गोव्यातल्या अठ्ठावीस जागांपैकी काँग्रेसला एकही मिळाली नाही; तिची एकमेव जागा दमणची. खुद्द पुरुषोत्तम काकोडकर पडले. लोकसभेच्या दोन्ही जागांवरही पक्षाने पाठिंबा दिलेले पीटर आल्वारिस व पक्षाचे मुकुंद शिंक्रे निवडून आले. ज्यांच्या हाती गावाचा कारभार कधी आला नव्हता त्यांनी कारभारी निवडले होते. त्या निकालाची नवलाई अनेक दिवस ओसरली नाही.

गंमत अशी की, ज्यांच्या नावावर ही निवडणूक जिंकली ते भाऊसाहेब स्वतः उमेदवार म्हणून उभे नव्हते. तरी विधिमंडळ पक्षाने त्यांनाच नेता निवडले आणि 20 डिसेंबर 1963 रोजी ते गोवा, दमण व दीवचे पहिले मुख्यमंत्री झाले. सभासद नसलेल्या मंत्र्याला सहा महिन्यांत निवडून यावे लागते. त्याप्रमाणे मडकई मतदारसंघात पोटनिवडणूक होऊन ते विधानसभेत आले. मडकई म्हणजे श्रीनवदुर्गेचे गाव, फोंडा महालातले. त्या महालात पक्षाचे बळ मोठे होते.

कारभाराचा अनुभव नसलेला खाणमालक राज्य काय चालविणार, असे म्हणणारे कमी नव्हते. भाऊसाहेबांनी पहिला हात घातला तो शाळांना आणि जमिनीला. पोर्तुगीज अमदानीत खेड्यातल्या मुलाला मराठी शिकावयाचे तर देवळाच्या मंडपातली किंवा कोणा सद्‌गृहस्थाच्या ओटीवरची खाजगी शाळा हाच बहुधा आधार असे. आता गावोगाव सरकारी मराठी प्राथमिक शाळा निघू लागल्या. दूर वाड्यावरच्या मुलालाही पायी जाता येईल एवढ्या अंतरावर शाळा, असे धोरण राहिले. त्या पिढीतले कित्येकजण आपल्या घराण्यातले पहिले अक्षरओळख झालेले ठरले. 1964 साली कूळ कायदा झाला. कुळाला मनास येईल तेव्हा हुसकावता येऊ नये आणि खंडाला मर्यादा असावी, हा त्याचा गाभा होता. अंमलबजावणी सर्वत्र सारखी झाली असे नव्हे. तथापि कूळ पहिल्यांदा मान वर करून बोलू लागले, हे विरोधकांनीही नाकारले नाही.

विलीनीकरणाची गोष्ट मात्र एवढी सोपी नव्हती. जानेवारी 1965 मध्ये विधानसभेने महाराष्ट्रात विलीन होण्याचा ठराव संमत केला. पंडित नेहरूंनी पूर्वीच गोव्याला आपले भवितव्य ठरविण्यास काही काळ द्यावा असे धोरण ठेवले होते. शेवटी दिल्लीने ठरविले की, हा निर्णय विधानसभेच्या बहुमताने न घेता प्रत्यक्ष लोकांना विचारावा. 1966 च्या डिसेंबरात संसदेने त्यासाठी कायदा केला. मतदान निःपक्षपाती व्हावे म्हणून सरकारने आधी पायउतार व्हावे, अशी विरोधकांची मागणी होती. भाऊसाहेबांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि 3 डिसेंबर 1966 पासून राष्ट्रपती राजवट आली. हातची सत्ता आपण होऊन सोडून लोकांपुढे उभे राहणे, हा त्यांच्या जीवनातला सर्वांत मोठा डाव होता.

त्या दीड महिन्यात गोव्यात दुसरा विषय नव्हता. विलीनीकरणाची निशाणी फूल, केंद्रशासित राहण्याची दोन पाने. महाराष्ट्रातून नेते, कार्यकर्ते येत होते. दैनिक ‘गोमन्तक’ विलीनीकरणाच्या बाजूने, तर मडगावचे ‘राष्ट्रमत’ विरोधात. ‘राष्ट्रमत’ मराठीतच निघत असे आणि मराठी वाचणाऱ्या हिंदू मतदारांनाच विलीनीकरणाविरुद्ध उभे करी, ही विशेष नोंद घेण्याजोगी गोष्ट. उल्हास बुयांव यांची कोंकणी गाणी गावोगाव पोहोचली. विरोधकांचा प्रचार भावनेवर होता तसा रोजच्या पोटापाण्यावरही होता. महाराष्ट्रात दारूबंदी आहे, मग माडाची सूर काढणाऱ्या रेंदेराचे काय होणार? नोकऱ्या बाहेरच्यांना जातील काय? पणजीत असलेले सरकार जाऊन तेथे एका जिल्ह्याची कचेरीच काय ती उरेल काय? बहुजनसमाजातल्या सामान्य माणसालाही हे प्रश्न पटण्यासारखे होते. खरे तर त्याच्या हाती सत्ता नुकतीच आली होती. ती मुंबईला सोपवावी काय, असाच त्या प्रश्नांचा आतला अर्थ होता. विलीनीकरणवाद्यांनी या बाजूकडे पुरेसे लक्ष दिले नाही असे वाटते. भाषा एक, संस्कृती एक, देवदैवते एक, एवढे सांगितले की काम झाले, अशी त्यांची समजूत दिसते.

16 जानेवारी 1967 रोजी मतदान झाले. दोन पानांना 1,72,191 मते पडली आणि फुलाला 1,38,170. चौतीस हजार एकवीस मतांनी विलीनीकरण हरले. ज्या पक्षाच्या नावातच महाराष्ट्र होता त्या पक्षाचा आधारच निघून गेला. त्यांच्या राजकीय जीवनाची ही अखेर, असे मानणारे दोन्ही बाजूंना होते.

परंतु लोकांनी प्रश्न वेगवेगळे केले होते. अडीच महिने पुरे होण्याआधीच, 28 मार्च 1967 रोजी, विधानसभेची निवडणूक झाली. महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला पुन्हा सोळा जागा, युनायटेड गोवन्सला बारा. 5 एप्रिल रोजी भाऊसाहेब दुसऱ्यांदा मुख्यमंत्री झाले. जानेवारीत ज्यांनी दोन पानांवर शिक्का मारला त्यांच्यातल्याच काही हजारांनी मार्चमध्ये सिंहावर मारला, याखेरीज या आकड्यांचा दुसरा अर्थ लावता येत नाही. विलीनीकरण नको, पण भाऊ हवेत! भाऊसाहेबांनीही कौल मान्य करून कारभार पुढे चालविला. मराठीविषयीचे प्रेम त्यांनी सोडले नाही.

दुसरी कारकीर्द मात्र सुरळीत गेली नाही. त्यांचा स्वभाव एकहाती निर्णय घेण्याचा. जवळच्यांचा सल्ला ते घेत, पण शेवटचा शब्द त्यांचाच. खाणीवर हे चालते, मंत्रिमंडळात त्याची किंमत द्यावी लागते. 1970 च्या सुमारास पक्षातल्याच काही आमदारांनी बंड केले आणि बहुमत धोक्यात आले. ज्यांच्याशी सात वर्षे झुंज घेतली त्या विरोधी बाकांवरल्या काही सभासदांच्या आधाराने सरकार टिकले. ही तडजोड त्यांच्या अनेक चाहत्यांना रुचली नाही. तरी 1972 च्या निवडणुकीत लोकांनी बंडखोरांच्या पक्षाला एकही जागा न देता भाऊसाहेबांच्या पक्षाला अठरा दिल्या. पूर्वीपेक्षा दोन अधिक. ते तिसऱ्यांदा मुख्यमंत्री झाले.

याच काळात, 1970 साली, कला अकादमीची स्थापना होऊन तिचे पहिले अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. ज्या समाजाची कला देवळाच्या चौकात दबून राहिली होती त्या समाजातल्या पुरुषाने या संस्थेच्या प्रमुखपदी बसावे, यातले औचित्य गोमंतकीय रसिकांच्या सहज लक्षात येईल. बांदोडकर सुवर्णचषकाच्या फुटबॉल स्पर्धाही त्याच वर्षी सुरू झाल्या व देशातले नामवंत संघ गोव्यात खेळावयास आले.

12 ऑगस्ट 1973 रोजी मुख्यमंत्रिपदावर असतानाच हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. वय बासष्ट. मिरामारच्या किनाऱ्यावर त्यांची समाधी आहे.

त्यांच्या मागे मुख्यमंत्रिपदाची सूत्रे त्यांच्या कन्या सौ. शशिकला काकोडकर यांच्याकडे आली. त्या 1967 पासून विधानसभेत होत्या व 1972 च्या मंत्रिमंडळात त्यांचा समावेश झाला होता. भाऊसाहेबांच्या हातून अर्धी राहिलेली दोन कामे त्यांच्या कारकीर्दीत कायद्याच्या स्वरूपात आली. 1975 साली मुंडकार कायदा झाला आणि भाटातल्या घरात राहणाऱ्याला हुसकावून लावण्यास आळा बसला. पुढच्या वर्षी कूळ कायद्याला पाचवी दुरुस्ती होऊन कसणाऱ्याचे नाव जमिनीवर मालक म्हणून लागण्याचा मार्ग खुला झाला. भाटकारांनी न्यायालयात धाव घेतली, आणि कित्येक कुळांना प्रत्यक्ष कागद हाती पडावयास आणखी पुष्कळ वर्षे थांबावे लागले.